बघायला वेळ आहे कुणाला?

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या घरी एक छोटंसं भांडण झालं. भांडणाचं कारण सासूबाईंचा उजवा हात!

त्याचं असं झालं, रविवारची दुपार. सासूबाई खिडकीशी बसून डाळिंब्या सोलत होत्या आणि नववीतली आमची लेक समोर कागद-पेन्सिल घेऊन त्यांचा हात काढत होती. एक तास झाला, दीड झाला. तिला सांगितलेले कपडे बादलीत तसेच. शेवटी मला राहवलं नाही. म्हटलं, "अगं, मोबाइलवर फोटो काढ की! एका मिनिटाचं काम. हुबेहूब काढायला आता चित्रकार हवेत कशाला?"

तिनं मान वर न करता उत्तर दिलं, "फोटो काढला की मग कुणी बघत नाही, आई."

अर्धवेळ का होईना, मी मास्तरीण. उलट उत्तर ऐकून घ्यायची सवय नाही. कपडे मीच वाळत घातले, पण तिचं बोलणं डोक्यातून जाईना.

खरं तर माझा प्रश्नही शिळाच होता. कॅमेरा आल्यापासून चित्रकारांना तो विचारला जातोय. आपल्याकडे १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये धुरंधर, हळदणकर असे एकेक तयारीचे चित्रकार घडले. माणूस समोर बसवायचा आणि कागदावर जिवंत करायचा, ही त्यांची विद्या. पुढे १९४७ साली प्रोग्रेसिव्ह ग्रुप निघाला, चित्रकलेत नवे वारे आले. त्यातून खूप चांगलं काम झालं, पण 'हुबेहूब' हा कौतुकाचा शब्द हळूहळू नाक मुरडण्याचा झाला.

तरी माणूस चित्रातून कायमचा गेला नाही. १९८१ साली सहा चित्रकारांनी मुंबईत आणि दिल्लीत एक प्रदर्शन भरवलं. नाव 'प्लेस फॉर पीपल', म्हणजे माणसांसाठी जागा! त्यात नलिनी मलानी ही एकटी बाई होती, आणि ठाण्याचे सुधीर पटवर्धन होते. हे व्यवसायानं क्ष-किरणांचे डॉक्टर. कितीतरी वर्षं त्यांनी डॉक्टरकी आणि चित्रकला दोन्ही सांभाळली. त्यांच्या चित्रांत लोकलमधली गर्दी आहे, कामगार आहेत, इराण्याच्या हॉटेलात बसलेलं गिऱ्हाईक आहे. चित्रं फोटोसारखी गुळगुळीत नाहीत, पण बघताना वाटतं, अरे, ह्याला आपण कुठंतरी पाहिलंय!

दुसरीकडे जुन्या विद्येचा धागाही तुटला नाही. वासुदेव कामत जे. जे.मध्ये शिकले आणि व्यक्तिचित्रं काढत राहिले. २००६ साली अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा ड्रेपर ग्रँड प्राइझ हा मोठा पुरस्कार त्यांना मिळाला. २०२५ साली पद्मश्रीही जाहीर झाली. आणि अमेरिकेत पुरस्कार कुठल्या चित्राला मिळाला, माहीत आहे? त्यांनी काढलेल्या स्वतःच्या पत्नीच्या चित्राला! हे मी आमच्या घरी जेवताना मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. 'अहों'नी ताटातून डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आमटी आहे का अजून?"

असो. समोर बसणाऱ्याचाही विचार करा बरं का. हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र तुम्ही कॅलेंडरवर पाहिलं असेल. ज्योतीवर धरलेल्या हाताच्या बोटांतून उजेड झिरपतोय. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळांना ते रविवर्म्याचं वाटतं. जलरंगातलं काम, म्हणजे चुकलं तर पुसायची सोय नाही. आणि त्यासाठी हातात दिवा धरून तासन्‌तास उभी राहिली ती हळदणकरांची मुलगी गीता. गीताबाई उपळेकर २०१८ साली वयाच्या १०२व्या वर्षी कोल्हापुरात वारल्या. वडिलांनी आपल्याकडे इतका वेळ निरखून पाहावं, हे भाग्य किती मुलींना मिळतं?

आता आमच्या भांडणाचा शेवट सांगते. लेकीचं चित्र तीन दुपारी चाललं होतं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आजी, तुझी ही दोन बोटं सरळ का होत नाहीत गं?"

मी हातातलं काम टाकून जवळ गेले. पेरं सुजलेली होती, बोटं वाकडी झाली होती. सासूबाई सहज म्हणाल्या, "झाली असतील दोन वर्षं. त्यात सांगायचं काय?" आणि मी रोज सकाळी त्यांच्यापुढे नारळ आणि खवणी ठेवत होते! वर आल्यागेल्याला कौतुकानं सांगत होते, "खोबरं आईंनीच खवावं." पंधरा वर्षं एका घरात राहून जे मला दिसलं नाही, ते पोरीला तीन दुपारींत दिसलं. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. संधिवात निघाला. औषध सुरू झालंय, शेकायला सांगितलंय, आणि खवणी माझ्याकडे आली आहे.

तुमच्याही घरात एखादं चित्र काढणारं मूल असेल, तर चार गोष्टी सांगते. लेकीच्या चित्रकलेच्या बाईंनी सांगितलेल्या आहेत. बसणाऱ्याला खिडकीजवळ बसवा आणि दिवा बंद करा. उजेड एकाच बाजूनं आला की सावल्या नीट कळतात. डोळे किलकिले करून पाहायला सांगा, म्हणजे बारीकसारीक गोष्टी पुसट होऊन मुख्य आकार दिसतो. खोडरबर सुरुवातीला लपवून ठेवा. वीस मिनिटांनी बसणाऱ्याला उठू द्या, विशेषतः म्हाताऱ्या माणसाला. आणि चित्र पाहून "नाक चुकलंय" असं लगेच म्हणू नका. सासूबाई त्यांचं चित्र कितीतरी वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा तर माझ्या आईचा हात."

आता लेकीनं मला धरलंय. काल मी बसले खिडकीशी. पहिल्या पाच मिनिटांत तीनदा उठले. एकदा दुधासाठी, एकदा दारावर कुणी आलं म्हणून आणि एकदा उगाचच. कुणी आपल्याकडे टक लावून पाहतंय, ह्याची सवयच नाही हो! चौथ्यांदा उठणार तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. सासूबाई आतून म्हणाल्या, "तू बस. गॅस मी बंद करते."

मग बसले.