संगणक कट्टा : पाटी मराठी, पत्ता रोमन



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि त्या निमित्ताने बऱ्याच घरांत नवा लॅपटॉप आला. नवा लॅपटॉप सुरू करताना खात्याला नाव द्यावे लागते. लॅपटॉप आजीसाठी असेल, तर नातवंडे हौसेने देवनागरीत 'आजी' असेच टाकतात. आपल्या लिपीत नाव दिसले की आजीही खूश! चार दिवसांनी जुन्या प्रिंटरचे किंवा भरतकामाच्या मशीनचे सॉफ्टवेअर टाकायला जावे, तर इन्स्टॉलर अर्ध्यावर अडतो आणि फाइल सापडत नाही म्हणतो. मग सल्ला मिळतो, "संगणकावर मराठी नावे ठेवूच नयेत."

हा सल्ला निमूट मान्य करायची गरज नाही. नावात दोष नसतो. जुन्या इन्स्टॉलरला ते वाचता येत नाही, एवढेच. आणि त्यावर उपाय आहेत.

नेमके काय बिघडते?

इन्स्टॉलर चालू झाला की आपले सामान आधी 'टेम्प' नावाच्या तात्पुरत्या फोल्डरात उघडतो. हा फोल्डर सी ड्राइव्हवर 'यूजर्स'मध्ये, तुमच्या खात्याच्या फोल्डराच्या आत असतो. म्हणजे तिथे पोहोचायच्या वाटेवर 'आजी' हे नाव लागतेच. विंडोज स्वतः युनिकोडवर चालते आणि विंडोज २००० पासून त्यात देवनागरी आहे. पण जुन्या धाटणीचे प्रोग्रॅम अक्षरांसाठी 'कोड पेज' नावाचा तक्ता वापरतात. इंग्रजी विंडोजच्या तक्त्यात जेमतेम २५६ चिन्हांची जागा असते. देवनागरीसाठी तर विंडोजमध्ये असा तक्ता कधी नव्हताच. म्हणून अशा प्रोग्रॅमला 'आजी'च्या जागी तीन प्रश्नचिन्हे दिसतात. आणि प्रश्नचिन्ह तर विंडोजमध्ये फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात चालतच नाही. मग फोल्डर सापडणार कसा?

ही अडचण आपल्यापुरती नाही. माओरी भाषा १९८७ पासून या देशाची अधिकृत भाषा आहे. तिच्यात दीर्घ स्वरावर आडवी रेघ देतात, तिला 'तोहुतो' म्हणतात. ती शोभेची नाही: 'केके' म्हणजे केक, पण दोन्ही स्वरांवर रेघ दिली की अर्थ होतो काख! इंग्रजी विंडोजच्या जुन्या तक्त्यात ही रेघवाली अक्षरे नाहीत. तिथे प्रश्नचिन्ह येत नाही, रेघ गुपचूप गळते. फोल्डरचे नाव रेघेसह असते, इन्स्टॉलर रेघेविना शोधतो आणि परत येतो. हे ओळखणे जास्त अवघड, कारण संदेशातले नाव वरवर बरोबरच दिसते.

काय करावे?

१. आधी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर नवी आवृत्ती आहे का पाहा. अनेकदा तेवढ्याने काम होते.

२. नसेल, तर सी ड्राइव्हवर थेट एक फोल्डर करा आणि त्याला रोमन अक्षरांत छोटेसे नाव द्या. स्टार्ट मेन्यूत 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स' शोधा. आपल्या खात्याच्या यादीत 'टेम्प' आणि 'टीएमपी' अशा दोन नोंदी दिसतील. मूळ नोंदी आधी लिहून ठेवा, मग दोन्हींत नव्या फोल्डरचा पत्ता घाला आणि इन्स्टॉलर पुन्हा चालवा. काम झाले की नोंदी पूर्ववत करा.

३. तरीही अडले, तर रोमन अक्षरांत नाव देऊन नवे स्थानिक खाते उघडा. मग कंट्रोल पॅनेलच्या 'यूजर अकाउंट्स'मध्ये जाऊन खात्याचे नाव देवनागरीत करा. स्क्रीनवर 'आजी' दिसेल, आतला फोल्डर मात्र रोमनच राहील. दारावर पाटी मराठी, पोस्टासाठी पत्ता रोमन! जुन्या खात्यातले फोटो आणि कागदपत्रे नव्या खात्यात आणा आणि सगळे आले याची खात्री होईपर्यंत जुने खाते काढू नका. एक मात्र करू नका: जुन्या खात्याच्या फोल्डरचेच नाव बदलायला जाऊ नका. तो पत्ता ठिकठिकाणी नोंदलेला असतो. एक धागा ओढायला जावे आणि सगळी वीण उसवावी, तसे होते.

४. संदेशात पत्ता फार लांब असल्याची तक्रार असेल, तर मामला वेगळा. अनेक प्रोग्रॅम अजून फाइलच्या पूर्ण पत्त्याला २६० चिन्हांची जुनी मर्यादा पाळतात. 'दिवाळी' आपल्याला तीन अक्षरांची वाटते, पण संगणक काना-वेलांट्याही वेगळ्या मोजतो, म्हणून त्याच्या हिशेबी ती सहा चिन्हे. फोल्डरात फोल्डर ठेवत गेलो की मर्यादा लवकर संपते. इन्स्टॉलरची झिप फाइल डेस्कटॉपवर न उघडता सी ड्राइव्हवरच्या छोट्या नावाच्या फोल्डरात उघडा.

५. फाइल 'एमएसआय' प्रकारची असेल, तर तिचे नाव बदलू नका. सॉफ्टवेअर टाकताना विंडोज ते नाव लिहून ठेवते आणि दुरुस्तीच्या वेळी त्याच नावाची फाइल मागते. तीच फाइल दुसऱ्यांदा उतरवली की ब्राउझर नावापुढे कंसात १ जोडतो, तेवढ्यानेही काम अडते. संदेशात जे नाव दिसते, तेच फाइलला परत द्या.

थोडक्यात, संदेश नीट वाचा. प्रश्नचिन्हे असतील तर लिपी, लांबीची तक्रार असेल तर पत्ता, ठरावीक फाइल मागत असेल तर बदललेले नाव. संदेशाचा फोटो काढून ठेवला, तर मदत करणाऱ्याचा अर्धा तास वाचतो.

शेवटी एक विनंती, आपल्यापैकी जे सॉफ्टवेअर लिहितात किंवा तपासतात त्यांना. तुमचा इन्स्टॉलर बाहेर पाठवण्याआधी दोन खाती उघडा, एक देवनागरी नावाचे आणि एक तोहुतो असलेल्या माओरी नावाचे, आणि दोन्हींत तो चालवून बघा. पाच-दहा मिनिटांचे काम आहे. ते तुम्ही केले, तर आपले नाव आपल्या लिपीत लिहिणाऱ्याला वर दिलेली यादी लागणारच नाही.