बाटली स्वस्त झाली, अर्ज तिथेच आहे

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

माझ्या धाकट्या भावाच्या एसएमए (स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी) या आजाराबद्दल हे चौथं पत्र. आधीची तीन ज्या कार्यालयात दिली, तिथून आवक क्रमांकाखेरीज काही मिळालं नाही. फोनवर एवढंच ऐकलं, की हा तर लहान मुलांचा आजार. साहेब, भाऊ चौतीस वर्षांचा आहे. यावलच्या बागेत केळीचे घड खांद्यावरून वाहायचा. आता जमिनीवर बसला, की काखेत हात घालून दोघांनी उठवावा लागतो. आईबापाकडून आलेल्या जनुकदोषामुळे मज्जारज्जूतल्या चेतापेशी मरतात, स्नायू वाळतात. मेलेली पेशी परत येत नाही. औषध उरलेल्या तेवढ्या वाचवतं.

ते औषध रिस्डिप्लाम. अमेरिकेत २०२० साली पहिली परवानगी मिळाली, तेव्हाच त्यात प्रौढ रुग्ण होते. आपल्याकडे मूळ कंपनी रोशच्या ६० मिलिग्रॅमच्या बाटलीची छापील किंमत ६ लाख २० हजारांच्या घरात होती. मोठ्या माणसाला रोज ५ मिलिग्रॅम लागतं. बाटली बारा दिवस जाते, वर्षाला तीस लागतात: १ कोटी ८६ लाख. केंद्राच्या दुर्मिळ आजार धोरणात मे २०२२ पासून मदतीची मर्यादा ५० लाख. म्हणजे आठ बाटल्या, शंभर दिवससुद्धा नाहीत. तेव्हा आम्ही नशिबाला बोल लावून गप्प बसलो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं रोशचं नॅटको कंपनीविरुद्धचं अपील फेटाळलं आणि नॅटकोची त्याच औषधाची बाटली १५,९०० रुपयांना आली. वर्षाचा खर्च ४ लाख ७७ हजार. आमच्या तीन एकरांतून तेवढेही निघत नाहीत, पण तेच ५० लाख आता दहा वर्षं पुरतील. मग अडलंय कुठे? पैशाचं कारण आता सांगू नका, ते आम्ही ऐकणार नाही.

मदतीचा अर्ज जिथे करायचा, ते धोरणातलं उत्कृष्टता केंद्र म्हणजे मुंबईचं केईएम रुग्णालय. जळगावहून चारशेवर किलोमीटर. रेल्वेच्या डब्याच्या पायऱ्या भावाला चढता येत नाहीत, आम्ही उचलून चढवतो. जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्यात हिरे महाविद्यालय आहे. अर्ज तिथे घ्या, रक्ताचे नमुने तिथून पाठवा, बाटली तिथे द्या. केईएमच्या डॉक्टरांनी व्हिडिओवर तपासावं.

आणि मंजूर की नामंजूर, ते लेखी कळवा. दिवाळीत तो काठी टेकत गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. आज भिंत धरून ओट्यापर्यंत येतो.

रुग्णाची थोरली बहीण,
जळगाव जिल्हा