कॅमेरा आंधळा नाही, उपाशी आहे

परवा नगर-पुणे रस्त्यावरच्या सुप्याला मावशीकडे जाणे झाले. तिचा मळा गावापासून लांब. मुलगा तिथल्याच एमआयडीसीत कामाला. त्याची रात्रपाळी असली की घरी फक्त मावशी, दोन म्हशी आणि चाळीतला कांदा. म्हणून त्याने चाळीवर कॅमेरा बसवला. कंपनीतून मोबाईलवर पाहता येते. पण पंधरा दिवस झाले, दिवसा चित्र दिसे आणि अंधार पडला की कॅमेरा बंद. नेमका लागतो तेव्हाच नाही!

"दादा, कॅमेराच खराब निघाला. नवा आणतो," तो म्हणाला.

"आणशील रे, पण आधी त्याला पोटभर मिळते का ते तर पाहू."

या कॅमेऱ्याला वेगळी विजेची वायर नसते. घरातल्या स्विच नावाच्या पेटीतून एकाच वायरीने चित्रही जाते-येते आणि वीजही जाते. याला पीओई म्हणतात. स्विच आंधळेपणाने वीज सोडत नाही. आधी अगदी थोडा दाब देऊन पलीकडे योग्य यंत्र आहे का हे तपासतो आणि ओळख पटली तरच ४४ ते ५७ व्होल्ट देतो. २००३ साली ठरलेल्या नियमाप्रमाणे स्विचने १५.४ वॅट द्यायचे, यंत्राला १२.९५ मिळायचे. मधले वायर खाते. पाटाच्या शेवटच्या वाफ्याला पाणी कमी पोचते ना, तसेच. वायरीची हद्द १०० मीटर, तीही शुद्ध तांब्याची.

मग रात्रीच का बंद? अंधारात पाहण्यासाठी कॅमेऱ्याचे स्वतःचे दिवे लागतात आणि त्याची भूक वाढते.

आम्ही कॅमेरा खाली उतरवला आणि स्विचशेजारीच आखूड, चांगल्या वायरीने जोडला. वर घोंगडी टाकून रात्र केली. दिवे लागले, चित्र टिकले! म्हणजे कॅमेरा निर्दोष, स्विचही निर्दोष. उरली वायर. तिची तार ब्लेडने खरवडली, तर वर तांबे आणि आत पांढरे अ‍ॅल्युमिनियम. अशी तार तांब्याच्या सुमारे दीडपट विरोध करते. त्यात बांधाजवळ चिकटपट्टी गुंडाळलेला एक जोड. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच!

तुमच्याकडे कॅमेरा मुळीच सुरू होत नसेल, तर एवढे पाहा. स्विच पीओईचा आहे ना? साध्या स्विचमधून वीज येत नाही. एका पोर्टवर चालत नाही, तर दुसऱ्यावर लावून पाहा. चार कॅमेरे चालतात आणि पाचवा लावताच अडते, तर स्विचची एकूण वॅटची मर्यादा संपली. टोकाच्या प्लगमधल्या आठ पट्ट्यांवर हिरवट गंज दिसला, तर पाणी शिरले आहे. प्लग बदला आणि पाणी खाली ठिबकून जाईल असा वायरीला झोळ ठेवा. काही यंत्रे २४ व्होल्टवर, ओळखपाळख न करता चालतात. त्यांचा पुरवठा पेटीवरचे आकडे वाचल्याशिवाय दुसऱ्या यंत्राला जोडू नका, यंत्र जळेल. जोडणी उघडण्याआधी वीज बंद करा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कुठे होता ते कळतच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तांब्याची अखंड वायर ओढली. रात्री अकराला कंपनीतून फोन आला, "आई, तांबडी म्हैस दाव्यात अडकलीय बघ."

मावशी कंदील घेऊन उठली. नव्या कॅमेऱ्याचे पैसे तसेच गाठीला राहिले.