दोष गोळीचा, रुग्णाचा की आपला?

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने एच.आय.व्ही.च्या उपचारावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु किरणोत्सर्गाच्या पाठात भेटणारे 'अर्धायुष्य', म्हणजे एखादी राशी निम्मी होण्यास लागणारा काळ, ह्या उपचाराच्याही मुळाशी आहे.

प्रथम विषाणूंचा हिशेब पाहू. अमेरिकेतील अॅलन पेरेलसन, डॉ. डेव्हिड हो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली गणिताने दाखवून दिले की, उपचार न घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात रोज सुमारे १००० कोटी विषाणू निर्माण होतात आणि जवळजवळ तितकेच नष्टही होतात. एकीकडून नळ चालू आणि दुसरीकडून गळती, अशी ही टाकी आहे. औषध हा नळ बंद करते; मग पातळी आपोआप उतरते. रक्ताच्या चाचणीत दर मिलिलिटरमागे विषाणूंची संख्या १००० किंवा त्याहून कमी आली, तर विषाणू दबला असे मानतात. तो चाचणीत सापडेनासा झाला व तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

मात्र काही पेशींत विषाणू दडून बसलेला असतो. औषध थांबले की बहुधा काही आठवड्यांतच तो पुन्हा डोके वर काढतो. आज आपल्याकडे दिल्या जाणाऱ्या गोळीत तीन औषधे एकत्र असतात. त्यांपैकी डोलुटेग्रॅव्हिरचे रक्तातील अर्धायुष्य सुमारे १४ तास आहे. गोळी बंद केल्यावर ७० तासांनी किती औषध उरेल? पाच अर्धायुष्ये लोटली, म्हणजे उरला फक्त १/३२ भाग! शिवाय तिन्ही औषधे सारख्या वेगाने उतरत नाहीत. अशा अर्धवट पहाऱ्यात औषधाला न जुमानणाऱ्या विषाणूंचे फावू शकते.

नियमितपणाखेरीज इतरही कारणे आहेत. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन हे औषध डोलुटेग्रॅव्हिरचे प्रमाण घटवते, म्हणून डॉक्टर त्याची मात्रा दिवसातून दोनदा देतात. लोहाच्या किंवा आम्लपित्तावरील काही गोळ्या त्याच वेळी घेतल्यास शोषणात अडथळा येऊ शकतो. उपचार फार उशिरा सुरू झाला, तर विषाणू दबण्यासही वेळ लागू शकतो.

तरीसुद्धा एखाद्याचा विषाणू दबला नाही की आपण चटकन म्हणतो, "गोळ्या घेत नसेल, बेफिकीर माणूस!" माझ्या मते हे निदान अशास्त्रीय आहे. गोळी का चुकली, हे विचारल्याशिवाय कारण सापडत नाही.

आमच्या गोंदिया जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव ह्या तालुक्यांतील जंगलालगतच्या गावांहून गोंदिया शहरात येऊन परत जाण्यात मजुराचा अख्खा दिवस मोडतो. रोवणीच्या दिवसांत त्या दिवसाची मजुरी बुडते. धानाची कापणी-मळणी आटोपली की कित्येक जण कामासाठी परगावी जातात. तेथे गोळ्या संपल्या तर? १ एप्रिल २००४ पासून आपल्या देशात सरकारी केंद्रांतून ही औषधे मोफत देण्यास सुरुवात झाली, ही फार मोठी गोष्ट झाली. परंतु औषध फुकट असले, तरी औषधापर्यंतची वाट फुकट नसते. म्हणूनच प्रकृती स्थिर असलेल्यांना एकदम काही महिन्यांच्या गोळ्या देणे आणि औषध गावाजवळ पोहोचवणे, हे माझ्या दृष्टीने उपदेशापेक्षा अधिक गुणकारी आहे.

आणखी एक अडथळा असा, की तो कोणत्याही तपासणी नळीत दिसत नाही. तो म्हणजे लोकांची कुजबुज. शेजारणीला डबी दिसेल म्हणून गोळी धानाच्या कोठीमागे लपवणारी सून, पाहुणे आले म्हणून त्या रात्रीची गोळी टाळणारा गडी, वसतिगृहात सर्वांसमोर गोळी घेण्याचे टाळणारा मुलगा, अशी माणसे कोठेही असू शकतील. त्यांना औषधाचे महत्त्व कळत नाही असे नव्हे. त्यांना आपली भीती वाटते. मग त्या चुकलेल्या गोळीत आपला वाटा नाही काय?

१० सप्टेंबर २०१८ पासून देशात लागू झालेल्या कायद्याने शाळेत, नोकरीत व दवाखान्यात अशा व्यक्तींशी भेदभाव करण्यास मनाई केली आहे. पण कुजबुज थांबवण्याचे काम एकटा कायदा करू शकत नाही. ते वर्गात व्हावे लागेल. शिक्षकांनी अर्धायुष्याचा आलेख फळ्यावर काढताना हे उदाहरण अवश्य घ्यावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, एकत्र बसून डबा खाल्ल्याने, हात धरल्याने किंवा एका बाकावर बसल्याने हा विषाणू पसरत नाही, हे तुम्ही घरी जाऊन सांगा. एखाद्याची गोळी तुमच्या नजरेस पडली, तर ती कशाची आहे हे विचारू नका. त्याला पाण्याचा पेला द्या.