पहिलं कोरं पान फाडू नका

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरांतली जुनी धर्मपुस्तकं आपल्या डोळ्यांदेखत नाहीशी होत आहेत. घर विकलं जातं, माळा रिकामा होतो आणि हिब्रू-मराठी प्रार्थनांचा गठ्ठा रद्दीत जातो. ही आपल्या भाषेतली पुस्तकं आहेत. ती वाचवायला आपणच पुढे यायला हवं.

मुंबईत १८४६ साली मराठी भाषांतरासह हग्गादा शिळाछापावर निघाली. पेसाह सणाच्या रात्री ज्यूंच्या मिसरमधून झालेल्या सुटकेची कथा घरोघर वाचतात, ते हे पुस्तक. पुण्यात १८७४ साली विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात छापलेली हग्गादा तर जरूर पाहावी. तिच्यातल्या एका चित्रात बायका बिनखमिराच्या भाकरी लाटताहेत, भाजताहेत आणि त्यांच्या अंगावर लुगडी आहेत! जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी तर आयुष्यभर हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या.

पण छापलेला मजकूर दुसऱ्या प्रतीत तरी सापडेल. मालकानं हातानं लिहिलेलं कुठे सापडणार? पुठ्ठ्याच्या आत किंवा पहिल्या कोऱ्या पानावर बालबोधीतलं नाव, गाव, कधी मुलाच्या जन्माची तारीख. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही माणसं कोकणातून मुंबईला कधी आली, पुस्तक कुणाकडून कुणाकडे गेलं, हे सांगणारा दुसरा कागद बऱ्याच घरांत उरलेला नाही. नवी बांधणी करताना नेमकं हेच पान आधी जातं.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात ज्यू पाच हजारही भरले नाहीत. अश्दोद, लोद, दिमोना इथली नातवंडं हिब्रू भराभर वाचतात, पण पणजोबांचं मराठी अक्षर त्यांना लागत नाही. आपलं नेमकं उलट. म्हणजे एकाच पानाचा अर्धा भाग त्यांना वाचता येतो, अर्धा आपल्याला. हे काम दोघांनी मिळूनच व्हायचं आहे, आणि मराठी जाणणारी वडीलधारी मंडळी दोन्हीकडे आहेत तोवरच व्हायचं आहे.

फार पैसा लागत नाही. मोबाइल आहे, उजेड आहे. मुखपृष्ठ, आतला पुठ्ठा, पहिली आणि शेवटची पानं, समासातलं लिखाण, सगळ्याचे फोटो घ्या. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. बांधणाऱ्याला बजावून सांगा की कोरी पानं टाकायची नाहीत.

देवाचं नाव असलेलं जीर्ण पुस्तक ज्यू फेकत नाहीत, वेगळं ठेवून रीतीप्रमाणे पुरतात. ती रीत आपण मनापासून मानू या. फक्त पुरण्याआधी घरच्यांना विचारून फोटो घेऊ या. शनिवारी, शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी मात्र कुणाला गळ घालू नये.

संग्राहकांनाही कळकळीची विनंती आहे. आधीच्या मालकाचं नाव खोडू नका, पुस्तक कुठून मिळालं ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा, आणि कुटुंबाचा पत्ता लागला तर निदान फोटो तरी त्यांना पाठवा.

अलिबाग, पेण, पनवेल, ठाणे, पुणे इथल्या वाचनालयांनी एक-एक कपाट तपासलं तरी पुष्कळ हाती लागेल. शेजारच्या बेने इस्रायली आजींना या आठवड्यात भेटा, आणि त्यांच्या पुस्तकातली नावं त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून घ्या.