तार षड्ज वर की खाली?

परवा संध्याकाळी नात सतारीवर यमन वाजवीत बसली होती. तार षड्ज लागला तशी म्हणाली, "आजोबा, सूर अगदी खाली पोचला!" मी तत्काळ दुरुस्ती केली, "खाली नव्हे, वर." पोर गप्प झाली. त्यानंतर सुरांविषयी तिने बोलणेच सोडले आणि मला रुखरुख लागली.

कारण चूक तिची नव्हतीच. सतारीवर सूर चढतो तसतसा हात दांडीवरून खाली भोपळ्याकडे येतो. मी पडलो गळ्याचा माणूस. माझा तार षड्ज डोक्यात घुमतो. देवगिरीच्या यादवांच्या पदरी १३व्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने हा भेद नोंदवून ठेवला आहे : मंद्र हृदयात, मध्य कंठात, तार मस्तकात, लाकडी वीणेत मात्र क्रम उलटा. प्राचीन ग्रीकांनीही आपल्या वाद्यातील सर्वांत चढ्या तारेला 'सर्वांत खालची' अशा अर्थाचे नाव दिले होते.

नादात असतात ती केवळ कंपने. मध्य षड्जाच्या दुप्पट कंपने झाली की तार षड्ज. तेथे जिना नाही की दरी नाही. तो जिना ऐकणारा आपल्या देहाच्या अनुभवाने बांधतो. आमच्या ग्वाल्हेर गायकीतली सपाट तान ऐकताना कुणाला घसरगुंडी दिसेल, कुणाला गच्चीवरून सुटलेले पाणी. दोघेही खरेच ऐकत असतात.

हल्ली मोबाइलच्या पडद्यावर सुराची रेघ वरखाली हलताना दाखवतात. सूर बरोबर लागला की नाही हे ताडून पाहायला ती सोय ठीक. पण मुलापुढे आधी रेघच ठेवली, तर त्याचा कान रेघेची चाकरी करू लागेल, अशी मला धास्ती वाटते.

कुणी म्हणेल, आरोह-अवरोह हे शब्दच चढण्या-उतरण्याचे आहेत. खरे आहे. चारचौघांत बोलायला सामायिक भाषा हवीच. ती मुलांना जरूर शिकवावी. मात्र त्यासाठी त्यांच्या मनातले चित्र पुसू नये. ते पुसले की मूल ऐकल्याचे सांगेनासे होते, हे मी घरात पाहिले.

काल नातीची सतार हाती घेतली, हात खाली नेत तार षड्ज छेडला आणि म्हटले, "खरेच की ग, खाली आहे!" ती हसली. म्हणाली, "पण आजोबा, तुम्ही गाता तेव्हा तो वर असतो."