सातबारा नाही, मंग कास्तकार कोण?



2008 मध्ये आपल्या पोडांवर आणि टोल्यांवर दोन कागदांची चर्चा चालू होती. पहिला कागद कर्जमाफीच्या यादीचा, दुसरा वनहक्काच्या दाव्याचा. पहिल्यात आपले नाव नव्हते. दुसऱ्यात येऊ द्यायचे की नाही, यावर वरच्या पातळीवर तेव्हा खल चालला होता. हे दोन कागद वेगवेगळ्या ऑफिसातले आहेत, पण प्रश्न एकच विचारतात : शेतकरी कोणाला म्हणायचे?

आधी पहिला कागद पाहू. 29 फेब्रुवारी 2008 रोजी दिल्लीच्या अर्थसंकल्पात 60 हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली. ज्याची जमीन दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकरापर्यंत, त्याचे थकलेले पीककर्ज पूर्ण माफ होणार होते. त्याहून जास्त जमीन असेल तर पंचाहत्तर टक्के भरायचे, पंचवीस टक्के सूट घ्यायची, असा नियम होता. हे कर्ज बँकेचे किंवा सोसायटीचे पाहिजे होते. सावकाराचे चालत नव्हते.

या पाच एकराच्या रेघेने आपल्या जिल्ह्यात दोघांना मारले. कॅनॉलखालचे उसाचे पाच एकर आणि झरी-जामणीच्या बरडावरचे पाच एकर एकाच मापाने मोजले. आठ एकर कोरडवाहू पराटी लावून कर्जात बुडालेला वणी-मारेगावचा कास्तकार 'मोठा शेतकरी' ठरला आणि पूर्ण माफीच्या यादीबाहेर गेला. हा एक. दुसरे आपण. आपली जमीन तीन एकर, चार एकर. रेघेच्या आत अगदी बरोबर बसतो. पण जबरानजोतीला सातबारा नाही, सातबारा नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही, आणि कर्जच नाही तर माफी कशाची? आपले देणे कृषी केंद्राच्या उधारीच्या वहीत आणि सावकाराच्या डायरीत. तिथे दिल्लीची शाई पोचत नाही.

आपल्यातला एक म्हातारा कोलाम तालुक्याच्या गावी एका बँकेत गेला होता. साहेबाने विचारले, सातबारा आणला? नाही म्हटल्यावर साहेब म्हणाला, "मग तुम्ही शेतकरी नाही, मजूर आहात." म्हातारा म्हणाला, "मी कास्तकार नोहो त मंग माह्या वावरातली पराटी कोनं पेरली? रानडुकरानं?" त्यावर साहेबाकडे उत्तर नव्हते. अर्थशास्त्राच्या मोठ्या पुस्तकांकडेही याचे उत्तर फारसे नाही.

आम्ही अभ्यासाच्या विरोधात नाही. खरा अभ्यास आपल्या बाजूनेच बोलतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून टाटा समाजविज्ञान संस्थेने 2005 मध्ये अहवाल दिला. 2006 मध्ये इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा अहवाल आला. दोन्हींनी कर्ज, न मिळणारा भाव, बुडणारे पीक आणि ओलिताची वानवा यांवर बोट ठेवले. पण अहवालाचा जीआर होतो तेव्हा त्यात अटी घुसतात. आत्महत्येच्या मदतीचे एक लाख कोणाला? ज्याच्या नावावर जमीन, ज्याच्यावर बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज. म्हणजे ठेक्या-बटईने करणारा, जबरानजोतवाला, नवऱ्याच्या नावावरच्या वावरात राबणारी बाई, हे मेले तरी 'अपात्र'. जगताना मजूर, मेल्यावर अपात्र.

1 जुलै 2006 ला पंतप्रधान विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्यातले निम्म्याहून जास्त पैसे सिंचन प्रकल्पांना. 712 कोटी व्याजमाफीला. अर्ध्या किमतीत दुधाळ गाई. व्याजमाफी कोणाला? बँकेचे कर्ज असलेल्याला. गाय कोणाला? जो उरलेली अर्धी किंमत आणि रोजचा चारा-पेंड देऊ शकतो त्याला. आणि ज्या जंगलात गुरे चारली की दंड होतो, तिथे गाय कुठे चारायची, हे पॅकेजमध्ये कुठेच लिहिले नाही.

जोतिराव फुल्यांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात सावकार, कुळकर्णी, कोर्टकचेरी यांच्या सोबत जंगलखात्यावरही आसूड ओढला आहे, कारण त्या खात्याने गावाची गायराने आणि कुरणे अडवून शेतकऱ्याचे गुराढोरांचे बळ काढून घेतले. सव्वाशेहून जास्त वर्षे झाली. तेव्हा आपल्या या मुलखाला 'वणी जिल्हा' म्हणत; यवतमाळ हे नाव 1905 नंतरचे. इंग्रजाला इथला कापूस पाहिजे होता आणि इथले लाकूडही. कापसासाठी जमीन सातबाराच्या घरात गेली, लाकडासाठी जंगल सरकारच्या घरात. मधले लोक कोणाच्याच वहीत राहिले नाहीत.

आता त्या बड्या विद्वानांचे बोलणे पाहू, जे म्हणतात लहान शेती परवडत नाही, लोकांनी शेती सोडावी. 1950 च्या दशकात सरकारनेच देशभर शेतांचे जमाखर्च गोळा केले. त्या आकड्यांवरून अमर्त्य सेन यांनी 1962 मध्ये एक गोष्ट पुढे आणली : एकरी उत्पन्न मोठ्या शेतापेक्षा लहान शेतात जास्त निघते. त्यावर आजपर्यंत वाद चालू आहे. पण कारण आपल्याला पुस्तकाशिवाय समजते. मोठा शेतकरी मजुरी परवडेल तोवरच मजूर लावतो. लहान शेतकऱ्याच्या घरचे लोक दिवस मोजत नाहीत. बाई निंदते, पोरगी शाळा बुडवून वेचते, म्हातारी सरकी निवडते. लहान शेतीचे जे कौतुक होते ते या फुकटच्या घामाचे कौतुक आहे. आणि भाव ठरवताना हाच घाम विसरतात.

सरकारी हिशेबात तीन माप आहेत. एकात फक्त खिशातून गेलेला पैसा. दुसऱ्यात घरच्या लोकांची मजुरी मिळवतात. तिसऱ्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याजही धरतात. स्वामिनाथन आयोगाने उत्पादनखर्चावर किमान पन्नास टक्के जास्त भाव द्या असे म्हटले. 2008 मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 2,030 वरून 3,000 रुपये झाला. चांगली गोष्ट होती, आम्ही नाकारत नाही. पण हिशेब करून पाहा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही आपले टाका.

समजा तीन एकरांत एकरी तीन क्विंटल, म्हणजे नऊ क्विंटल कापूस झाला. 3,000 ने 27 हजार आले. बियाणे, खत, फवारणी, बंडीभाडे मिळून रोख 12 हजार गेले. उरले 15 हजार. नवरा-बायकोने दीडशे-दीडशे दिवस काम केले तर तीनशे दिवस. वाटणी पडली दिवसाला 50 रुपये. रोजगार हमीची मजुरी याहून जास्त आहे! यात बैलजोडीचा चारा नाही, व्यापाऱ्याने खेड्यात येऊन हमीभावापेक्षा कमी दिलेला भाव नाही, आणि पावतीशिवाय भरलेला 'दंड' नाही.

जे जंगलातून येते तेही या हिशेबात नाही. नांगर-डवऱ्याचे लाकूड, कुंपणाच्या काट्या, शेणखत देणाऱ्या गुरांचा चारा, पीक बुडाले त्या साली पोट भरणारा मोहा, उन्हाळ्यात हाती पैसा देणारा तेंदूपत्ता, चारोळी, डिंक. आपली शेती वावराच्या धुऱ्यावर संपत नाही, ती जंगलात पोचते. वावर मोजून जंगल तोडून टाकले की उरलेले तीन एकर कोणालाच परवडणार नाहीत. मग तेच विद्वान म्हणतील, पाहा, आम्ही सांगत होतो.

म्हणून दुसरा कागद महत्त्वाचा. वनहक्क कायदा 2006 चा, नियम 1 जानेवारी 2008 पासून. काही लोक म्हणतात, पट्टे दिले तर जंगल संपेल. कायदा नवीन जंगल तोडायला सांगत नाही. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जी जमीन आपण कसतो तीच, आणि तीही चार हेक्टरपर्यंत. पट्टा विकता येत नाही, म्हणून सावकाराच्या घशात जाणार नाही. तो नवरा-बायको दोघांच्या नावाने मिळतो. सातबाराने जी बाई कधी शेतकरी धरली नाही, तिचे नाव इथे पहिल्यांदा कागदावर येते आहे. यापेक्षा मोठी कृषीनीती आम्ही आजवर पाहिली नाही. आणि पट्टा हातात असला तर पुढच्या कर्जमाफीत, पुढच्या मदतीत 'तुम्ही शेतकरी नाही' म्हणणाऱ्यासमोर ठेवायला कागद असेल.

पण नुसता वावराचा पट्टा घेऊन गप्प बसू नका. तसे केले तर आपण पुन्हा त्यांच्याच मापात बसलो. म्हणून प्रत्येक गावाने ही कामे करावी :

1. ग्रामसभेने निवडलेली वनहक्क समिती कागदावर नको, बसती पाहिजे. तिच्यात किमान एक तृतीयांश बाया कायद्यानेच पाहिजेत.

2. दाव्यात कसता तेवढी पूर्ण जमीन लिहा. भीतीने कमी लिहू नका, लालचीने जास्त लिहू नका. खोटा एक दावा गावाचे शंभर खरे दावे बुडवतो.

3. दंडाच्या जुन्या पावत्या शोधा. ज्या कागदाने आपल्याला चोर ठरवले तोच आता आपला पुरावा आहे. म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतात.

4. सामूहिक दावा वेगळा भरा : चराई, गौण वनोपज, पाणी आणि जंगल राखण्याचा हक्क. हा दावा भरू नका असे कोणी सांगितले तर ते लेखी मागा.

5. यंदाच्या हंगामाचा हिशेब प्रत्येक घराने लिहावा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा शाळेतल्या पोरांनी लिहावा. बाईचे दिवस वेगळे, गड्याचे वेगळे, जंगलातून काय आणले ते वेगळे. गावाचा मिळून एक हिशेब ग्रामसभेत वाचून वहीत ठेवावा.

हा पाचवा मुद्दा हलका समजू नका. आजवर आपल्यावर दुसऱ्यांनी अभ्यास केला आणि आपण त्यांच्या तक्त्यात कुठे सापडलो नाही. आता आपला तक्ता आपण मांडू. पुढच्या वेळी साहेब विचारेल की शेतकरी असल्याचा पुरावा काय, तर गावाची वही त्याच्या टेबलावर ठेवू. पराटी रानडुकराने पेरली नव्हती, हे त्यात दिवसवार लिहिलेले असेल.

जोहार!